'शंभर वर्षांतून एकदा' म्हणजे थाप नव्हे

आकडेमोडे
परवा एक पोस्ट आली होती, खाली 'अगदी अगदी'चा पाऊस. म्हणणं काय, तर अमेरिकेतल्या ह्यूस्टनला २०१५, २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ तीन वर्षं 'पाचशे वर्षांतून एकदा' येणारा पूर आला, म्हणजे हे प्रॉबॅबिलिटीवाले लोकांना फसवतात. वाचून डोकं तडकलं म्हणून वेगळा धागा काढतोय.

शंभर वर्षांचा पूर म्हणजे एकदा आला की शंभर वर्षं सुट्टी असं कुणीही सांगितलेलं नाही. त्या जागी दरवर्षी १% शक्यता, एवढंच. काल येऊन गेला तरी पुढच्या वर्षी पुन्हा १%च. तीस वर्षं तिथे राहिलात तर एकदा तरी गाठायची शक्यता २६%, आणि पूर्ण शंभर वर्षांत ६३%, म्हणजे शंभर वर्षं थांबूनही न येण्याची शक्यता तिसऱ्या हिश्शाहून जास्त. वर जगात नद्या किती! पाचशे वेगवेगळ्या खोऱ्यांत मिळून दरवर्षी सरासरी एक 'पाचशे वर्षांचा' पूर यायलाच हवा. बातमी त्या एकाची होते, उरलेल्या चारशे नव्व्याण्णवांची कोण देणार?

काठावरची
हे २६% आम्हाला कधी कुणी सांगितलं ओ? घर घेताना कागदावर एकच वाक्य होतं, शंभर वर्षांच्या पूररेषेच्या बाहेर. एजंट म्हणाला निर्धास्त राहा, बँकेने एक प्रश्न विचारला नाही, विमावाल्याने तर स्वतःहून सांगितलं की पुराचं कव्हर कशाला घेताय, पैसे वाया. मग पाणी खिडकीपर्यंत आलं. सासूबाईंना खुर्चीत बसवून जिन्यावरून वर नेलं, खालचं सगळं गेलं, आणि क्लेम करायला गेलो तर तोच माणूस म्हणतो कव्हर नाही ना तुमच्याकडे. तुमचं गणित तुमच्यापाशी ठेवा. रेषेच्या बाहेर म्हणजे सुरक्षित असाच अर्थ कुठलाही माणूस घेणार.

आकडेमोडे
वाईट वाटलं वाचून, खरंच. पण यात दोष एजंटचा आणि विमावाल्याचा आहे, गणिताचा कसा?

जुना_स्थापत्यवाला
गणिताचा नाही, पण गणितात घातलेल्या डेटाचा नक्की आहे. धागाकर्त्यांनी १% पासून पुढचं सगळं बरोबर सांगितलं, पण तो १% येतो कुठून? पन्नास-साठ वर्षांच्या नोंदी, त्यातला दरवर्षीचा सगळ्यात मोठा आकडा घ्यायचा, त्यावर गम्बेल (टोकाच्या आकड्यांची शक्यता काढायचं सूत्र) बसवायचं आणि रेषा ओढत ओढत पाचशे वर्षांपर्यंत न्यायची. आयुष्यभर हेच केलंय. शेपटाकडे, म्हणजे अगदी दुर्मिळ पुरांकडे गेल्यावर नोंदींतलं एक वर्ष इकडचं तिकडे झालं की उत्तर कुठच्या कुठे जातं.

आणि ह्यूस्टनचंच घ्या. तीन स्वतंत्र वर्षं, प्रत्येकी ०.२%, म्हणजे साडेबारा कोटींत एक. याला योगायोग म्हणणार? २०१८ मध्ये तिथल्या हवामान खात्याने नवे आकडे काढले, तर शंभर वर्षांचा २४ तासांचा पाऊस १३ इंचांवरून १८ इंचांवर गेला. आधी ज्याला शंभर वर्षांचा म्हणत होते तो पंचवीस वर्षांचा निघाला! लेबलच चुकीचं होतं.

आकडेमोडे
साडेबारा कोटींचा हिशोब एकाच जागेसाठी आहे. तिन्ही वेळा शहराच्या एकाच भागात तेवढं पाणी नव्हतं, ओढे वेगळे, खोरी वेगळी. १३ चे १८ झाले हे मान्य, ते नाकारायचा प्रश्नच नाही. पण ते दुरुस्त कशाने केलं? नवा डेटा घालून याच पद्धतीने.

भूगर्भी
पुराचं जाऊ द्या, माझा राग वेगळाच आहे. चॅनलवर दर सहा महिन्यांनी कुणीतरी सांगतो की अमुक ठिकाणी मोठा भूकंप 'ड्यू' आहे, म्हणजे आता यायची वेळ झालीय. कॅलिफोर्नियातल्या पार्कफील्डला १८५७, १८८१, १९०१, १९२२, १९३४, १९६६ असे भूकंप झाले, सरासरी बावीसेक वर्षं, म्हणून शास्त्रज्ञांनी सांगितलं की १९९३ च्या आत पुढचा येणार, तोही ९५% खात्रीने. उपकरणं लावून बसले. आला २००४ ला! निसर्गाला कॅलेंडर नसतं, हे कधी कळणार?

मधुरा_न
@भूगर्भी, अहो पण पूर आणि भूकंप एकाच मापाने कसे मोजता? खडकात ताण साठत जातो, सुटला की पुन्हा साठायला वेळ लागतो. म्हणजे तिथे आधी काय झालं याला अर्थ आहे, 'ड्यू' अगदीच निरर्थक नाही. पार्कफील्डला चूक वेळेची झाली. भूकंप जमिनीतल्या भेगेच्या त्याच तुकड्यात झाला, ताकदही साधारण तीच, ६ रिश्टर.

भूगर्भी
अकरा वर्षं चुकल्यावर त्याला वेळेची चूक म्हणायचं? सहा नोंदींवर ९५% खात्री सांगायची हिंमतच कशी होते? आणि ज्याला वाचायचंय त्याने फुकुशिमा वाचा. तिथे इ.स. ८६९ च्या त्सुनामीची वाळू जमिनीत आतपर्यंत सापडलेली, पुरावा पायाखाली, आणि अणुवीज प्रकल्पाचा हिशोब ५.७ मीटर लाटेचा. २०११ ला चौदा मीटरच्या आसपास आली.

मधुरा_न
म्हणजे हे माझ्याच बाजूचं उदाहरण झालं ना! मागचा इतिहास लांबपर्यंत खणला असता तर धोका कळला असता. प्रॉबॅबिलिटी सोडून द्या असं यातून कुठे निघतं? आवाज चढवू नका, मीही याच विषयात शिकलेय.

जुना_स्थापत्यवाला
भांडणाच्या मधे बोलतो. साठ वर्षांत एखादी गोष्ट एकदाही घडली नसेल तर लोक म्हणतात धोका शून्य. हिशोबाने ९५% खात्रीने फक्त एवढंच म्हणता येतं की दरवर्षीची शक्यता ३ भागिले ६०, म्हणजे ५% पेक्षा कमी आहे. म्हणजे वीस वर्षांतून एकदा येणारी गोष्टही त्या साठ कोऱ्या वर्षांमागे लपू शकते. हे मी किती मीटिंगांत सांगितलं, प्रत्येक वेळी उत्तर एकच, 'आमच्या वेळी कधी पाणी आलं नाही'.

आकडेमोडे
बरोबर आहे, पण मग करायचं काय? हॉलंडमध्ये १९५३ च्या पुरात १,८३६ माणसं गेली. त्यानंतर दाट वस्तीच्या किनाऱ्याला बांध बांधले ते दहा हजार वर्षांतून एकदाच्या पाण्यासाठी. दहा हजार वर्षांच्या नोंदी कुणाकडेच नव्हत्या! बांध उंच करायचा खर्च एकीकडे, बुडालं तर होणारं नुकसान दुसरीकडे, आणि मधे शक्यता. आकडा कच्चा असला तरी तो नसता तर बांधाची उंची ज्याचा आवाज मोठा त्याने ठरवली असती.

काठावरची
तुम्ही लोक जपान, हॉलंड फिरून आलात, माझं म्हणणं तिथेच राहिलं. 'रेषेच्या बाहेर' लिहिण्याऐवजी 'तीस वर्षांत पाणी येण्याची शक्यता एवढी' असं छापलं असतं तर मी कव्हर घेतलं असतं. इतकं साधं छापायला काय जातं?

आकडेमोडे
हे मात्र मान्य करावं लागेल. रेषेला लागून बाहेरचं घर म्हणजे २६% च्या जरासंच खाली, आणि कागदावर ते शून्यासारखं वाचलं जातं. तीस वर्षांचा आकडा छापायलाच हवा.

जुना_स्थापत्यवाला
छापा, पण शेजारी डेटा कुठल्या वर्षी संपतो तेही छापा. २०१८ पर्यंत ह्यूस्टनचं काम साठ-सत्तरच्या दशकांतल्या पावसाच्या आकड्यांवर चाललं होतं. समुद्र तापतोय, हवेत बाष्प वाढतंय, आणि आपण आजोबांच्या पावसावर नातवाचं घर बांधतोय.

काठावरची
मग आमच्या कागदावरची रेषा कुठल्या सालच्या पावसाची, हे विचारायचं कुणाला? कुणी सांगेल का?