शिरपूरला जेवून घ्या, घाटापुढचा भरवसा नको

वर कोणीतरी म्हटलंय, पुण्याहून इंदूरला दुपारी निघालं की जेवण बिजासन घाट ओलांडून सेंधव्यानंतरच करावं. आम्ही इंदूरकर वर्षातून चारदा हा रस्ता तुडवतो, आमचं मत उलटं. धुळे ते शिरपूर या पट्ट्यातच जेवून घ्या. पुढे बिजासन घाटात ट्रक अडले की तास-दीड तास कुठे गेला कळत नाही, आणि पोरं मागे बिस्किटांवर.

खानदेशात आहात तर पनीर कशाला? शेवभाजी मागवा. फक्त ‘शेव वाढताना घाला’ असं आधीच बजावा. गेल्या दिवाळीत एका ढाब्यावर आयती कालवलेली आली: वर बोटभर तर्री, खाली शेवेचा पार लगदा! पोह्यांवरसुद्धा कुरकुरीत शेव लागणाऱ्या माणसाला हे सोसणं कठीण. ढाबा निवडताना बाहेर ट्रक किती उभे आहेत ते मी बघत नाही, तव्यावर भाकरी पडतेय का ते बघतो.

पोटात थोडी जागा मात्र ठेवा. रात्री बारापर्यंत इंदूर गाठलंत तर सराफा बाजार जागाच असतो. सोन्याची दुकानं मिटली की तिथे चुली पेटतात. भुट्ट्याचा कीस, थंडीत असाल तर गराडू, म्हणजे तळलेला कंद. गाडी राजवाड्याच्या अलीकडेच लावा, आत गल्लीत शिरू नका.