बाथरूमची काच हात न लावता फुटली. आता तिथे काय बसवू?

ऐरोलीची_मेधा

नमस्कार मंडळी. शॉवरच्या कोपऱ्याला आम्ही तीन वर्षांपूर्वी काचेचं पार्टिशन करून घेतलं होतं. १० एमएम, टफन केलेली काच. परवा रात्री अडीचला ती फुटली. सासूबाईंना वाटलं सिलिंडरच गेला. बाथरूममध्ये कोणी नव्हतं, गिझर बंद, खिडकी बंद. दार उघडलं तर फरशीभर खडीसाखरेएवढे तुकडे, आणि ते नंतरही बराच वेळ तडतडत होते.

काचवाला म्हणतो, "असं होतच नाही, तुम्हीच कधीतरी काहीतरी आपटलं असणार." सासूबाई म्हणतात दृष्ट लागली. घरात पाच वर्षांचं पोर आहे, त्यामुळे परत काच लावावी की नाही याच विचारात आहे. कुणाला माहिती असेल तर सांगा.

कोपरीचा_पक्या

गिझरचं पाणी, दुसरं काय. आमच्याकडे उकळता चहा ओतला की ग्लास तडकतो, तसंच हे. पडदा लावा आणि सुखाने आंघोळ करा.

भट्टीवाला_काका

मेधाताई, सासूबाईंना सांगा, ही दृष्ट घरी लागलेली नाही, बहुधा कारखान्यातूनच लागून आली आहे. रबाळे एमआयडीसीत टफनिंगच्या भट्टीवर माझी निम्मी नोकरी गेली, तेव्हा जरा लांबण लावणार आहे.

पक्याभाऊंचा गिझर आधी बाजूला करू. साध्या काचेला ४० अंशांच्या आसपासचा फरकही जड जातो, म्हणून चहाचा ग्लास तडकतो. टफन काच २०० अंशांपर्यंतचा फरक सोसते. तिला आंघोळीच्या पाण्याचं काय? शिवाय रात्री अडीचला कोण आंघोळ करत होतं?

टफन काचेचा माल वेगळा नसतो. तीच वाळू, तोच सोडा, तीच चुनखडी. साधी फ्लोट काच (खिडकीला असते तीच सपाट काच) हव्या त्या मापात कापायची, कडा घासायच्या, बिजागरीची भोकं मारायची आणि मग भट्टीत ६२० ते ६५० अंशांपर्यंत तापवायची. बाहेर आली रे आली की दोन्ही बाजूंनी जोरदार हवेचा मारा. वरचा थर लगेच थिजतो, आतला गरमच असतो. तो निवताना आकसायला बघतो, पण थिजलेला वरचा थर त्याला आकसू देत नाही. त्यामुळे पृष्ठभाग कायमचा दाबाखाली आणि पोट कायमचं ताणात. काच तुटायची सुरुवात होते वरच्या बारीक ओरखड्यातून. तो दाबाखाली मिटून राहतो, म्हणून ही काच साधीच्या चार-पाच पट दणकट. पण चीर एकदा पोटातल्या ताणापर्यंत पोचली की संपलं. सेकंदाला दीड किलोमीटरच्या आसपास वेगाने ती पळते. म्हणून टफन काच अर्धी फुटत नाही आणि टफन झाल्यावर कापताही येत नाही. ("काका, एवढं एक भोक वाढवून द्या ना" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाच्या हातात मी ड्रिल द्यायचो आणि लांब उभा राहायचो.)

आता रात्री अडीचची गोष्ट. दोन संशयित आहेत. पहिला म्हणजे कड. बसवताना कड फरशीवर टेकवली, टवका उडाला, किंवा बिजागरीत रबराची गॅस्केट न घालता स्क्रू आवळला. दार रोज उघड-मीट होतं, टवका हळूहळू खोल जातो आणि एक दिवस पोटापर्यंत पोचतो. माझ्या मते निम्म्याहून जास्त भानगडी इथल्याच.

दुसरा संशयित निकेल सल्फाइड. काच वितळवताना स्टेनलेस स्टीलचा एखादा कण किंवा तसलं काही कच्च्या मालातून आलं की त्यातला निकेल गंधकाशी जुळतो आणि मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढा गोळा काचेत अडकतो. त्याची दोन रूपं. साधारण ३८० अंशांच्या वर आटोपशीर, त्याखाली फुगीर. साधी काच सावकाश निवते, गोळ्याला फुगायला वेळ मिळतो. टफन करताना आम्ही इतक्या झटक्यात गार करतो की तो गरम रूपातच कोंडला जातो. मग तुमच्या घरी येऊन महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं दोन ते चार टक्क्यांनी फुगत राहतो. ताणलेल्या पोटात बसला असेल तर काच गेलीच. वेळ-काळ काही नाही.

काच चौकटीत अडकून राहिली असती तर फुटीच्या मुळाशी जोडून बसलेले दोन मोठे तुकडे दिसले असते. आम्ही त्याला फुलपाखरू म्हणायचो. ते दिसलं की निकेलचा संशय पक्का. तुमचं सगळं फरशीवर आलं, त्यामुळे नेमकं कारण आता ना मी सिद्ध करू शकत, ना तुमचा काचवाला. पण "असं होतच नाही" हे त्याचं बोलणं मात्र खोटं.

घोडबंदर_विसावा_मजला

काका, हे वाचून माझ्या पोटात गोळा आला. आमच्या सोसायटीत बाल्कनीची लोखंडी रेलिंग काढून टफन काच लावायचा ठराव येतोय. खाली मुलं खेळतात.

भट्टीवाला_काका

ठरावाला विरोध करा, नाहीतर त्यात "लॅमिनेटेड" हा शब्द घालून घ्या. बाथरूममध्ये काच फुटली तर तुकडे तुमच्या पायाशी. बारीक होतात ते बरंच. युरोपच्या मानकात तर ५ सेंमी बाय ५ सेंमीच्या चौकोनात निदान ४० तुकडे व्हायलाच हवेत अशी अट आहे. पण विसाव्या मजल्यावरून तेच तुकडे एकमेकांना चिकटलेल्या ढेकळांत खाली येतात.

लॅमिनेटेड म्हणजे दोन काचांच्या मध्ये पीव्हीबी या प्लास्टिकचा चिवट थर, गाडीच्या पुढच्या काचेत असतो तोच प्रकार. फुटली तरी तुकडे थराला धरून राहतात. ही युक्ती मुळात एदुआर बेनेदिक्तस या फ्रेंच माणसाची. १९०३ मध्ये त्याच्या हातून प्रयोगशाळेतला चंबू पडला, तडकला, पण विखुरला नाही, कारण आत सेल्युलोज नायट्रेटचा वाळलेला थर होता. फक्त एक लक्षात ठेवा: दोन्ही थर टफन असतील आणि दोन्ही फुटले, तर ती काच ओल्या घोंगडीसारखी लोंबते. म्हणून वरून हँडरेल हवीच. हँडरेल नको म्हणणाऱ्या आर्किटेक्टशी मी वाद घालत नाही, मी त्या इमारतीखालून जात नाही.

मेधाताई, तुम्हाला दोन पर्याय. एक, परत टफनच, पण हीट सोक केलेली. म्हणजे टफन झाल्यावर काच पुन्हा २६० ते २९० अंशांच्या आसपास काही तास ठेवतात. निकेलचा गोळा असलेली बहुतेक तिथेच फुटते. शंभर टक्के नाही, पण बहुतेक. दोन, ५ अधिक ५ एमएमची टफन लॅमिनेटेड. पोर आहे म्हणताय तर मी हीच घेईन. काचेचं वजन दर एमएमला चौरस मीटरमागे अडीच किलो, म्हणजे १० एमएमला २५ किलो. बिजागऱ्या त्या हिशेबाने घ्या, आणि ३१६ ग्रेड स्टीलच्या. तुमच्याकडे खाडीची हवा आहे, स्वस्तातल्या गंजतात आणि दार झुकून फरशीला टेकतं.

ऐरोलीची_मेधा

काका, मनापासून आभार. सासूबाईंनी हे सगळं मोठ्याने वाचून घेतलं. एक अडचण आहे: काचवाला म्हणतो, काच टफनच आहे पण तिच्यावर टफनचा शिक्का नाही, "शिक्क्याने शो जातो". विश्वास ठेवू का?

भट्टीवाला_काका

नाही. कोपऱ्यातला नखाएवढा शिक्का कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही. तरी खात्री करायची असेल तर काच उन्हात उभी करायला सांगा आणि पोलराइज्ड गॉगल लावून तिरक्या नजरेने बघा. हवेचे झोत बसले तिथे करडे ठिपके किंवा पट्टे दिसतील, गॉगल थोडा फिरवला की गडद-फिके होतील. काहीच दिसलं नाही तर बहुधा साधी काच आहे. हे बिजागऱ्या लावायच्या आत करा, आणि त्याच वेळी चारही कडांवरून हलकेच बोट फिरवा. कुठे नख अडकलं तर ती काच परत.