लडाखमधल्या झंस्कार नदीच्या घळीत राफ्टिंग: ऑगस्टमधले ९ दिवस पुरतील का?

दादर_पश्चिम
नमस्कार मंडळी. आम्ही सहा जण, वय ३४ ते ५१. दोघांना पोहता येत नाही. कोलाडला एकदा राफ्टिंग करून आलोय, बाकी अनुभव शून्य. ऑगस्टमध्ये मुंबईहून मुंबईला धरून ९ दिवस मिळतात. पदुम ते निमू ही घळीतली अनेक दिवसांची मोहीम मनात आहे. ती ९ दिवसांत बसते का? की चिलिंग ते निमू हा एका दिवसाचाच टप्पा करावा? तयारी काय करायची?

घळवेडा
९ दिवसांत मोहीम बसत नाही, ओढूनताणून बसवूही नका. हिशेब मांडून बघा. लेह साधारण ३,५०० मीटरवर आहे. विमानाने थेट तिथे उतरलात की पहिले ४८ तास आरामाचे. मग कारगिलमार्गे पदुम गाठायला दोन दिवस, नदीवर तीन-चार, लेहला परतून विमानासाठी एक-दोन दिवस राखीव. मुंबईहून जाण्यायेण्याचे दोन दिवस धरून दहा ते बारा दिवस झालेच. लोक नेमके आरामाचे आणि राखीव दिवस कापतात, आणि सहल फसते ती तिथेच.

कधी १२ दिवस मिळाले तर श्रीनगरला उतरा. श्रीनगर १,६०० मीटरच्या आत, कारगिल २,७०० च्या आसपास, मग पेन्झी ला खिंड ओलांडून पदुम. उंची पायरीपायरीने चढते, शरीराला ते मानवतं. नदीने निमूला बाहेर पडायचं आणि लेहहून परतायचं.

आत्ताच्या ९ दिवसांत चिलिंग-निमू करा, तेही दोनदा. पहिल्या दिवशी सगळं लक्ष वल्ह्यावर आणि गाईडच्या आज्ञांवर असतं. दुसऱ्या दिवशी मान वर होते आणि ते जांभळे, हिरवट, गेरूच्या रंगाचे उभे कडे दिसायला लागतात. जानेवारी-फेब्रुवारीत चादर ट्रेकवाले गोठलेल्या पात्रावरून चालतात ती हीच नदी. शेवटी निमूला झंस्कार आणि सिंधूचा संगम लागतो, दोन रंगांची पाणी बराच वेळ शेजारी-शेजारी वाहतात.

उंचीच्या त्रासावरच्या गोळीबद्दल: डायमॉक्स आपल्या मनाने सुरू करू नका. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना सांगा, रक्तदाबाची औषधं चालू असतील तर तेही. लेहमध्ये पहिले दोन दिवस दारू नको. डोकेदुखीबरोबर उलटी किंवा तोल जाणं दिसलं तर नदी विसरा, खाली उतरा.

वल्हेकरी
पोहता न येणं हा चिलिंग-निमूसाठी अडथळा नाही, लाइफ जॅकेट तरंगवतं. खरा शत्रू गारठा. हे हिमनद्यांचं पाणी आहे. त्यात पडलं की पहिल्या मिनिटाला धाप लागते आणि नेमका तेव्हाच माणूस पाणी गिळतो. त्या एका मिनिटात हातपाय मारू नका, फक्त श्वास ताब्यात आणा. त्यानंतर बोटांत ताकद असते ती साधारण दहा मिनिटं. दोरी पकडायची, राफ्टवर चढायचं, जे करायचं ते तेवढ्यात.

म्हणून वेटसूट ३-४ मिलिमीटरचा आणि अंगाला घट्ट हवा. आत शिरलेलं थोडं पाणी अंगाच्या उबेने तापतं आणि तेच ऊब धरतं. सूट ढगळ असेल तर दर लाटेला गार पाणी आत-बाहेर होतं आणि सूट असून नसल्यासारखा. आतून सुती बनियन घालू नका.

जॅकेट असं तपासा: आधी कमरेचा पट्टा आवळा, मग वरचे, खांद्याचे सगळ्यात शेवटी. मग सोबत्याला दोन्ही खांदे धरून जोरात वर ओढायला सांगा. जॅकेट कानांपर्यंत आलं तर ते तुमच्या मापाचं नाही, बदलून मागा. लाजू नका.

वल्ह्याच्या वरच्या टोकाला आडवी मूठ असते, तिच्यावरचा हात कधीही सोडायचा नाही. दात आणि ओठ फुटतात ते दगडाने कमी, शेजाऱ्याच्या सुटलेल्या मुठीने जास्त. पाय राफ्टच्या आडव्या नळीखाली अर्धाच खुपसा. घोट्यापर्यंत अडकवलात तर राफ्ट उलटताना सुटत नाही.

पाण्यात पडलात तर उताणे, पाय प्रवाहाच्या दिशेने, बोटं पाण्याबाहेर. गुडघ्याच्या वर वाहतं पाणी असेल तर उभं राहू नका. पाऊल दगडांत अडकतं आणि प्रवाह तुम्हाला पुढे वाकवून पाण्याखाली दाबतो. गाईडने पिशवीत भरलेली दोरी फेकली तर दोरी पकडा, पिशवी नाही. दोरी हाताला गुंडाळू नका, खांद्यावरून घेऊन छातीशी धरा.

रोहेकर
सरावाला कोलाडच बरं, पण दोन खेपा करा. तिथल्या कुंडलिका नदीवर सकाळी वीजनिर्मितीनंतर सोडलेल्या पाण्यावर राफ्टिंग चालतं, त्यामुळे मुंबईहून पहाटेच निघा. उशिरा पोचलात तर पाणी निघून गेलेलं असतं. शेवटच्या संथ टप्प्यात गाईडला विचारून पाण्यात उतरा. न पोहणाऱ्या दोघांनी तिथे उताणं तरंगणं आणि राफ्टवर परत चढणं पाच-पाच वेळा करावं. चढवणाऱ्याने हात ओढायचे नाहीत, जॅकेटचे खांदे धरून मागे झोकून द्यायचं. मात्र कुंडलिकेचं पाणी कोमट, गारठ्याचा अंदाज तिथे येणार नाही.

घळवेडा
आयोजकाला पैसे भरण्याआधी विचारा: बरोबर सेफ्टी कयाक (पडलेल्यांना गाठणारी छोटी होडी) असतो का, पाणी फार चढलं तर टप्पा रद्द कोण करतं, आणि रद्द झाल्यास पैशांचं काय. उत्तर लेखी घ्या. विम्यातही राफ्टिंग आणि उंचीची मर्यादा वाचा, बऱ्याच साध्या पॉलिसींत दोन्ही वगळलेलं असतं.

निघायला सकाळ गाठा. दुपारनंतर घळीत समोरून वारा सुटतो आणि संथ पाण्यात राफ्ट जागची हलत नाही. लेहची विमानं बहुतेक सकाळचीच, हवा बिघडली की रद्द. त्यामुळे लेह-दिल्ली-मुंबई एकाच तिकिटावर काढा. वेगवेगळी काढलीत आणि पहिलं रद्द झालं, तर दुसऱ्याचे पैसे बुडतात.

दादर_पश्चिम
मनापासून आभार. मग असं ठरवतो: पहिला दिवस प्रवास, दुसरा-तिसरा लेहमध्ये आराम, चौथा आणि सहावा चिलिंग-निमू, मध्ये एक दिवस मोकळा, सातवा-आठवा राखीव, नवव्याला परत. मोबाइलचं काय? सगळ्यांकडे मुंबईचं प्रीपेड आहे.

वल्हेकरी
आखणी चांगली आहे. बाहेरचं प्रीपेड लडाखमध्ये चालत नाही. निघण्याआधी किमान दोघांनी पोस्टपेड करून घ्या, तेही वेगवेगळ्या कंपन्यांचं. घळीत मात्र रेंज धरून चालू नका, परतण्याची वेळ हॉटेलवाल्याला सांगूनच निघा. चष्मा असेल तर मागून बांधायची दोरी इथूनच घेऊन जा.