रोजनिशीसाठी ॲप निवडताना काय बघावं?

टाकबोरू: रोजनिशी वहीतून ॲपवर न्यायची आहे. फोन अँड्रॉइड, लॅपटॉप विंडोज. रोज १५-२० ओळी मराठीत, अधूनमधून फोटो. कुलूप हवं. उद्या ॲप बंद पडलं तरी लिहिलेलं हाती राहायला हवं. डे वन, जर्नी की ऑब्सिडियन?

कळफलक: नाव नंतर ठरवा, आधी मजकूर बाहेर कसा निघतो ते बघा. तीन नोंदी टाका: एक निव्वळ मजकूर, एक फोटोसकट, एक मागच्या तारखेची. मग एक्स्पोर्ट करून, म्हणजे नोंदी ॲपबाहेर काढून, ती फाइल लॅपटॉपवर उघडा. मागच्या तारखेची नोंद आजच्या तारखेने आली तर ते ॲप बाद. नुसत्या पीडीएफवर विसंबू नका. छापायला ठीक, पण त्यातून नोंदी दुसऱ्या ॲपमध्ये धड घेता येत नाहीत. शिवाय काही ॲपांच्या पीडीएफमध्ये जोडाक्षरं फुटतात, पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते. जेसन (दुसऱ्या ॲपला वाचता येईल अशी मांडणी केलेली मजकुराची फाइल) किंवा साधा मजकूर मिळायला हवा.

शून्यप्रहर: कुलुपाचं म्हणाल तर चार आकडी पिन म्हणजे नुसती कडी, आतला मजकूर उघडाच असू शकतो. एंड-टू-एंड एन्क्रिप्शन, म्हणजे तुमच्याकडच्या सांकेतिक किल्लीशिवाय कंपनीलाही मजकूर वाचता येणार नाही अशी सोय, आहे का ते बघा. डे वनमध्ये आहे, पण किल्ली हरवली तर नव्या फोनवर जुन्या नोंदी कंपनीलाही उघडून देता येत नाहीत. ती कागदावर उतरवून ठेवा.

ऑब्सिडियनमध्ये नोंदी साध्या फोल्डरात .एमडी (साध्या मजकुराच्या) फायली म्हणून राहतात, ॲप गेलं तरी नोटपॅडमध्ये उघडतील. 'डेली नोट्स' (रोजची वेगळी नोंद करून देणारी सोय) चालू करा आणि फाइलच्या नावात वर्ष-महिना-दिवस हाच क्रम ठेवा, म्हणजे फायली आपोआप तारखेने लागतात. त्यांचं सिंक (फोन-लॅपटॉपवरच्या नोंदी जुळत्या ठेवणारी सेवा) विकतचं आहे. तेच काम करणारं सिंकथिंग फुकट, पण त्याचं मूळ अँड्रॉइड ॲप २०२४ मध्ये थांबलं, आता फोर्क (इतरांनी त्यावरून चालू ठेवलेली आवृत्ती) घ्यावा लागतो. एकच नोंद दोन्हीकडे एकदम उघडी ठेवून लिहिलीत तर 'सिंक-कॉन्फ्लिक्ट' नावाची दुसरी फाइल तयार होते.

टाकबोरू: मग ऑब्सिडियनला कुलूप?

शून्यप्रहर: फायलींना स्वतःचं नाही. फोनचा स्क्रीन लॉक आणि लॅपटॉपवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्ट करणारं कुलूप), एवढ्यावरच भिस्त. घरातलेही तोच लॅपटॉप वापरत असतील तर डे वनच बरं.

कळफलक: एक राहिलंच. 'दुसऱ्या'मधला र्‍य दोन प्रकारे टाइप होतो: ऱ वापरून, किंवा साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह देऊन. दिसायला सारखंच, पण एका प्रकाराने शोधलं की दुसऱ्या प्रकाराने लिहिलेलं बहुधा सापडत नाही. फोन-लॅपटॉपवरचे कीबोर्ड कोणता प्रकार देतात ते तपासा, नाहीतर नुसतं 'दुस' शोधा.