परमिट रूमच्या लायसनवर ऑर्केस्ट्रा चालत नाही

वर एका भाऊंचं म्हणणं, बारवाल्याकडे परमिट रूमचं लायसन आहे, मग शनिवारी ऑर्केस्ट्रा लावला तर बिघडलं कुठं? बिघडते ना भाऊ. दारूचं लायसन १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली उत्पादन शुल्क खातं देते, अन् गाण्याबजावण्याची परवानगी १९५१ च्या पोलीस कायद्याखालची. एक कागद फ्रेम करून गल्ल्यामागे टांगला म्हणून दुसरा आपोआप मिळत नाही. रात्री दहानंतर उघड्यावर भोंगा तर नाहीच.

गावातला बार बंद करायचा तर गावानं काय करावं, असं एका ताईंनी विचारलं. राज्य सरकारच्या २००८ च्या आदेशाप्रमाणे २५ टक्के महिला मतदारांनी सह्या दिल्या, की पडताळणी होऊन मतदान घेता येते. चिठ्ठीवर उभी बाटली म्हणजे दारू चालू, अन् आडवी बाटली म्हणजे बंद. (वर्धा-गडचिरोलीत हा प्रश्नच नाही, तिथं जिल्हाच कोरडा. कागदावर.) मेख अशी, की आडव्या बाटलीला यादीतल्या एकूण बायांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात, झालेल्या मतदानाच्या नाही. म्हणजे त्या दिवशी कापूस वेचायला गेलेली बाई उभ्या बाटलीच्याच कामी येते. म्हणून वेचणीच्या दिवसांतली तारीख घेऊ नका. अन् मयत झालेल्या, लग्न होऊन गेलेल्या पोरींची नावं यादीतून आधी कमी करून घ्या; तीही एकूण संख्येत धरतात.