त्रैक्य न मानणारे सगळे एकाच माळेचे नाहीत

इथे एकाने म्हटलंय की त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव ही ख्रिस्ती शिकवण) न मानणारे म्हणजे फक्त यहोवाचे साक्षीदार हा ख्रिस्ती पंथ, आणि हे खूळ अमेरिकेतून अलीकडे आलं. मला दोन्ही पटत नाही. इ.स. 325 ची निकियाची ख्रिस्ती बिशपांची परिषद मुख्यतः आरियस या धर्मगुरूच्या वादावरच भरली होती. पुत्राला पित्याने निर्माण केलं, तो पित्यासारखा अनादि नाही, असं आरियस शिकवायचा. 1553 मध्ये जिनिव्हात सर्वेटस या स्पॅनिश विचारवंताला जिवंत जाळलं, त्याच्यावरचा एक मोठा आरोप त्रैक्य नाकारल्याचाच होता.

शिवाय आपसातही केवढा फरक! साक्षीदार येशूला देवाची पहिली निर्मिती मानतात. वननेस पेंटेकॉस्टल हा दुसरा ख्रिस्ती पंथ अगदी उलट: येशू हाच तो एकमेव देव, म्हणून बाप्तिस्मा फक्त येशूच्या नावाने.

नाशिकला साक्षीदार आमच्या शेजारच्या काकूंकडे आले होते. काकू शरणपूरच्या जुन्या ख्रिस्ती घरातल्या. पाहुण्यांनी योहान 14:28 काढलं, पिता माझ्यापेक्षा थोर आहे. काकूंनी चष्मा लावून पुढची पानं उलटली आणि 20:28 वर बोट ठेवलं, तिथे थोमा येशूला देव म्हणतो. चहा होईपर्यंत दोघंही हटले नाहीत, पण आवाज कोणाचाच चढला नाही. अशी चर्चा इथेही व्हावी असं मनापासून वाटतं.

आणि युनिटेरियनांना, म्हणजे त्रैक्य नाकारून देव एकच मानणाऱ्या आणखी एका पंथाला, तर विसरूच नका. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे 1901 मध्ये ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात शिकायला गेले ते त्यांच्याच मदतीने. परतल्यावर ते प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले.