मदत हवी आहे: मुर्शिदाबाद, एका दिवसात नदीचे दोन्ही काठ जमतील का?

शुक्रवारी हजारदुआरी राजवाड्याचं संग्रहालय बंद, म्हणून शनिवार धरलाय. आदल्या संध्याकाळी सियालदहहून भागीरथी एक्सप्रेस, मुक्काम बहरमपूरला. सकाळी टोटोने (ई-रिक्षाने) आधी कटरा मशीद (बंगालचा नवाब मुर्शिदकुली खानाची कबर जिन्याखाली आहे, बरेचजण न बघताच वर चढतात), मग हजारदुआरी नि समोरचा इमामबाडा. अडतंय पुढे. खुशबाग, म्हणजे नवाबांच्या कबरींची बाग, भागीरथी नदीपलीकडे. टोटो नावेवर चढवतात, की पलीकडे दुसरा मिळतो? सोबत सासूबाई आहेत, गुडघे दुखतात. घाटाला पायऱ्या किती? नवाब अलिवर्दी खान तिथेच पुरलाय, त्यामुळे खुशबाग गाळायची नाही. १७४४ मध्ये त्याने नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकरांना बोलणीला बोलावून मारलं, ते मानकरा बहरमपूरजवळच. तिथे आज काही खूण आहे का?